उलट्या ट्रॅक्टरचा पहिला नंबर

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. म्हणूनच जत्रेत ट्रॅक्टर रिव्हर्सची शर्यत ठरली तेव्हा पंचांनी वेळ लावायचं काम माझ्याकडं दिलं. "ताई शिकलेली हाय, सेकंद खाणार न्हाई," असं थेट माइकवरून सांगितलं.

ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर बांबूंच्या मधून उलटा न्यायचा आणि ट्रॉलीची मागची चाकं फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर थांबवायची. शिट्टी झाली की मोबाइलचं घड्याळ चालू, चाकं रेघेला टेकली की बंद.

चुरस शेवटी दोघांत राहिली. शिनोलीहून आलेला एक तरणा ड्रायव्हर, आणि आमचा दादा, माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा. माझ्या घड्याळानं दादा पाऊण सेकंदानं पहिला आला. पंचांनी ढाल दिली आणि लगेच मंडपात वाद पेटला.

"खरा जोरात शिनोलीचाच व्हता, राव. शेवटच्या वळणाला ब्रेकच नाय मारला त्यानं."

"मग मागं कसा पडला? मधीच चहा प्यायला उतरला व्हता का?"

"ताईचं घड्याळ हाय ते. ती बी.कॉम. झालीय, तू सातवी नापास."

खरं काय ते मला एकटीलाच ठाऊक होतं. दादा रेघेजवळ आला तेव्हा आमच्याच पोरांनी भंडारा उधळला होता. सगळं पिवळं झालं. रेघ मला दिसलीच नव्हती. ओरडा झाला तसं मी बटण दाबलं होतं.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. दादा ढालीबरोबर फोटो काढून घेत होता. मी जाऊन माइक मागितला.

"दादाच्या वेळेला रेघ मला दिसली नाही. ती वेळ धरू नका."

"मग एवढं शिकून उपेग काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"शिकलेय म्हणूनच सांगतेय."

शिनोलीचा ड्रायव्हर पुढं आला. "ताई, माझ्या टायमाला तरी दिसली का?"

"दिसली. तुमच्यासाठी भंडारा कुणी उधळलाच नाही."

"कोन उधळनार? आमची सगळी मानसं जेवायला बसलीत!"

मंडप हसला. मी मात्र दादाकडं बघत होते. त्यानं ढाल टेबलावर ठेवली. "मलाबी नाय दिसली," तो म्हणाला. "पोरं वराडली, म्हनलं आली असंल रेघ, दाबला ब्रेक."

चाकांच्या खुणा बघायला गेलो, तर नाचून नाचून लोकांनी सगळं तुडवलेलं.

मग दोघांना पुन्हा सोडायचं ठरलं. पंचांनी भंडाऱ्याच्या पिशव्या आधी काढून घेतल्या. मी रेघेच्या टोकाशी उकिडवी बसले, इतकी जवळ की लोक ओरडायला लागले, "ताई, मागं व्हा!" मी हलले नाही. या वेळी दोन्ही ट्रॉल्यांची चाकं रेघेला टेकताना मी स्वतः बघितली. दादा दोन सेकंदांनी हरला. कुणी विचारायच्या आत मी आकडे मोठ्यानं सांगून टाकले, आणि छाती एकदम मोकळी झाली.

"आता माझ्या आईला तूच सांग," दादा म्हणाला.

"सांगते की."

घरी जाऊन सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि मोर्चा दादाकडं वळवला. "रेघ दिसत नव्हती, तर थांबलास कशाला रं?"

मी हातपाय धुतले आणि पोटभर जेवले.