सुमनवहिनींचं ज्वारीचं पोतं

दादाचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला ऑफिसात होतो. "सुमन गेली रे..." एवढंच बोलून माझ्या थोरल्या भावानं फोन ठेवला. साध्या तापाचं निमित्त. महिना उलटून गेला, पण आमच्या सुमनवहिनी गेल्या हे अजून खरं वाटत नाही.

परंड्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या माझ्याबरोबर सायकल चालवू लागल्या. येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलून बसल्या होत्या, परंड्याहून सायकलवर येईन, एकही चढ पायी चढणार नाही. पहिल्या वर्षी शेवटच्या चढावर पाय थांबले. उतरावंच लागलं. डोळ्यांत पाणी, पण आवाज शांत. "भाऊजी, दम हाय की माझ्यात. मांड्यांत जोर न्हाय."

मी म्हणालो, अजून लांब लांब जाऊ. त्या लांब जाऊ लागल्याच, शिवाय अर्धं पोतं ज्वारी भरून घेतली आणि आठवड्यातून दोनदा ते पाठीवर घेऊन बैठका सुरू केल्या! एकटीला पोतं पाठीवर घेता येईना, म्हणून दादा ते उचलून खांद्यांवर ठेवायचा. "आता फड गाजवा," असं कुरकुरत. "नीट बसल्याबिगर सोडू नका हं," त्या बजावायच्या. पोतं बसलं की म्हणायच्या, "व्हय... सोडा." मला लई हसू यायचं. अशानं पाय जड होतात, असं ज्ञानही मी पाजळलं. "दम सायकलीनं वाढंल, जोर ह्यानं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

पुढच्या वर्षी त्याच चढावर मीच धापा टाकत उतरलो. वहिनी मात्र सावकाश, एका लयीत वर जात राहिल्या. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. हे पोत्यानं घडलं की त्यांच्या जिद्दीनं, मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण चढावर दूर जाणारी ती साठीतली पाठ मी रस्त्यात उभा राहून पाहिली, आणि इतका थक्क मी जन्मात झालो नाही.

परवा सकाळी दादाकडं गेलो. पोतं पडवीत तसंच आहे. त्यातली ज्वारी दळायला काढायचं कुणाच्या मनात येत नाही. चहा पिऊन झाल्यावर दादा सवयीनं उठला, पोतं छातीशी उचललं आणि तसाच उभा राहिला.

"दादा, ठेव की खाली."

"ती व्हय म्हणल्याबिगर कसं सोडू?" दादा म्हणाला.