वरोरा ते कुरखेडा: दोन कॅमेरे आणि भाऊजींचा एक फोटो

माझ्या जुन्या कॅमेऱ्याने अकरा वर्षं साथ दिली आणि या फेब्रुवारीत एका मंगलपरिणयात, ऐन हार घालण्याच्या वेळी, डोळे मिटले. उसना कॅमेरा आणून नवरा-नवरीला पुन्हा हार घालायला लावलं. ते हसून तयार झाले. वरोऱ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. सोयाबीन-कापसाच्या बाजारपेठेच्या गावात फोटोवर जेवढं चालायचं तेवढं चालतं.

मुलगी प्रज्ञा नागपूरला शिकते. ती म्हणाली, "बाबा, आता फुल-फ्रेम मिररलेसच घ्या. आणि व्हिडिओ बघून घ्या, फोटो आता सगळे मोबाईलवर काढतात." महिनाभर वाचून, तुलनेचे व्हिडिओ पाहून दोन कॅमेरे उरले. कंपन्यांची नावं लिहीत नाही, दोन्हीकडचे चाहते फार भांडतात. एक व्हिडिओत सरस: तासभर चालू ठेवला तरी तापत नाही, हात हलला तरी चित्र स्थिर, आणि आत उघडमीट करणारा पडदा, म्हणजे शटरच, नसल्यामुळे फोटो काढताना अजिबात आवाज नाही. दुसरा फोटोत सरस: चित्रात बारकावा जास्त, हाताला पकड चांगली, बटण दाबलं की जुन्यासारखा 'खट्ट' आवाज. पण मोठा व्हिडिओ घेतला की तापतो. किंमत जवळजवळ सारखी.

माझं मन पहिल्याकडे झुकलं होतं. विहारात त्रिशरण चालू असताना कॅमेऱ्याची खटखट मला नेहमी लाजवते. तरी दुकानात धरून पाहणं वेगळं आणि चार दिवस गळ्यात घालून फिरणं वेगळं. म्हणून नागपुरातून दोन्ही भाड्याने आणले आणि ठरवलं, कुरखेड्याला बाईकडे जाऊन यायचं. आम्ही थोरल्या बहिणीला बाईच म्हणतो.

बाईला फोन केला तर ती म्हणाली, "येऊन राह्यला तं बरं. यायचा एक फोटो पाह्यजे मले."

'यायचा' म्हणजे यांचा, आमच्या भाऊजींचा. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी पेटी वाजवली. मागच्या पावसाळ्यात लकवा मारला. उजवा हात गेला, तोंड एका बाजूला झुकलं, बोलणं एकेका शब्दावर आलं. तेव्हापासून ते कोणाला फोटो काढू देत नाहीत. नातवाने मोबाईल वर केला तरी तोंड फिरवतात.

"भितीवर तो जुना फोटो आहेच ना, मिशीवाला," मी म्हणालो.

"तोच तं तरास आहे. येणारा तो पाह्यते आन म्हणते, पेटीमास्तर काय माणूस होता. होता म्हणते रे. आन हे तिथीच बसून असतेत." मग ती म्हणाली, "मले आताचे हे पाह्यजेत."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे पाचला मोटारसायकल काढली. या दिवसांत जाणार असाल तर अकराच्या आत पोहोचायचं बघा, नंतर डांबरावरून वाफ येते. चंद्रपूरला सातला पोचलो. जुन्या शहराच्या तटाच्या, म्हणजे परकोटाच्या, दरवाजातून ऊन तिरपं आत येत होतं, दोन्ही कॅमेऱ्यांनी तीच चौकट घेतली. उन्हात दोघांत फरक शोधावा लागतो. सावलीतल्या दगडांचे थर मात्र दुसऱ्यात जास्त मोकळे दिसले. तर्रीपोहे खाल्ले. तर्री कमी घाला असं सांगितलं, तरी घाम फुटला.

चंद्रपूर ते मूल रस्ता चांगला आहे, पण जंगलाचा आहे. मोहाचं किंवा पळसाचं झाड दिसलं म्हणून गाडी थांबवून आत उतरू नका. वाघ तुमच्या कॅमेऱ्याची वाट पाहत नसतो. मी पळस चालत्या गाडीवरूनच डोळ्यांत भरून घेतला.

मूलला एका टपरीवर चहा घेतला. चहावाला साठीचा, डोक्याला गमछा. त्याला विचारलं, फोटो काढू का. त्याने गमछा सोडला, पुन्हा नीट बांधला, किटली उचलली आणि श्वास रोखून उभा राहिला. मी आवाज नसलेल्या कॅमेऱ्याने चार फोटो घेतले आणि कॅमेरा खाली केला. तो तसाच उभा. उकळता चहा उतू गेला, तरी हलेना.

"झालं भाऊ," मी म्हणालो.

"कुठी झालं? वाजला कुठी?"

"हा वाजत नाही."

"मुका आहे का मंग?" त्याने किटली ठेवली. बाकावरच्या एकाने लगेच टोला मारला, "तुयासारखा नाई तो. कामाचं तेवढंच करते." चहावाला त्याच्यावर डाफरला आणि मला म्हणाला, "वाजणारा असन तं त्यानं काढा. माणसाले कळाले नको का, कवा सुटलो म्हणून?"

दुसऱ्या कॅमेऱ्याने काढला. खट्ट झालं आणि त्याचे खांदे खाली आले. चहाचे पैसे घेतले नाहीत. आमच्याकडे फोटो काढून घेणारा माणूस त्या आवाजापर्यंत श्वास धरून ठेवतो, हे मी इतकी वर्षं पाहत आलो आहे, पण कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. तिथे न थांबता आरमोरी, आणि तिथून वैरागडचा आडरस्ता धरला. किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर दोन्ही कॅमेऱ्यांचा व्हिडिओ चालू ठेवून अर्धा तास बसलो. पाण्याची बाटली सोबत ठेवा, आत काही मिळत नाही. कुरखेड्याला पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते आणि गाडीच्या टाकीला हात लाववत नव्हता.

बाईचं अंगण मोहफुलांनी भरलं होतं. वाळत घातलेल्या फुलांचा तो गोड, जड वास कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही. भाऊजी निंबाखाली खाटेवर होते. डावा हात वर करून म्हणाले, "आला." मी पाया पडलो. गळ्यातले कॅमेरे पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी कॅमेरे घरात नेऊन ठेवले. जेवायला लाखोळीचं वरण, भात, वाळलेल्या झिंग्यांची चटणी. बाई त्यांना घास देत नाही, ताट डाव्या हाताकडे सरकवते आणि दुसरीकडे बघत बसते. सांडलं तरी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उठलो. बाईच्या घरात तथागतांची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो एकाच फळीवर आहेत. बाईने आणि मी वंदना घेतली, पंचशील म्हटलं. मग बाई अंगणात फुलं पसरायला गेली. मी आवाज नसलेला कॅमेरा उचलून दारात आलो. भाऊजी खाटेवर बसले होते, कोवळं ऊन झुकलेल्या गालावर, आणि ते बाईकडे पाहत होते. बाई वाकून फुलं सारखी करत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. असा चेहरा तीस वर्षांत माझ्या चौकटीत आला नव्हता. मी दारामागूनच बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. एक पाखरूसुद्धा उडालं नाही.

चुलीपाशी बाईला कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवला. तिने हात पदराला पुसले आणि खूप वेळ पाहिलं. डोळे भरले तिचे.

"यायले सांगतलं का तू?"

"नाई."

तिने कॅमेरा माझ्याकडे परत दिला. "मंग मी हा भितीले कशी लावू? हे समोरच बसतेत. रोज पाह्यतीन आन रोज कळन का आपल्याले न इचारता घेतला."

"पण बाई, तूच म्हणाली होतीस."

"मी घे म्हणलं होतं. उचल नाई म्हणलं."

तासाभरापूर्वी माझ्याच तोंडाने दुसरं शील म्हटलं होतं, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. लहानपणापासून म्हणतो. मला वाटायचं त्याचा संबंध वस्तूंशी, शेतातल्या शेंगांशी. फोटो पुसला. पुसायचं मनात नव्हतं, खोटं कशाला सांगू.

मग भाऊजींकडे जाऊन सांगितलं, की काढला होता आणि पुसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दुपारचं जेवण झालं तरी नाही. बाईने मला खुणेने सांगितलं, राहू दे. मी निंबाच्या दुसऱ्या बाजूला बसून मोहातला कचरा निवडत राहिलो.

चारच्या सुमारास त्यांनी खाटेवर बोटं वाजवली. "आण."

"काय?"

"दोन्ही."

दोन्ही कॅमेरे आणले. वाटेत चहावाल्याने एकाला दिलेलं 'मुका' हे नाव या अंगणात माझ्या तोंडून निघालं नाही. भाऊजी म्हणाले, "वाजव." मी आवाज नसलेला जमिनीकडे रोखून बटण दाबलं. त्यांनी कान पुढे केला. त्या कॅमेऱ्यात नकली आवाज लावायची सोय असते, तो लावून पुन्हा दाबलं. त्यांनी मान हलवली. "टेप," म्हणाले. भरलेला आवाज आहे, हे पेटीवाल्या कानाला लगेच कळलं.

मग तसाच दुसरा. खट्ट. "पुन्हा." खट्ट. मी पडद्याचा वेग कमी केला, तेव्हा तो उघडण्याचा आणि मिटण्याचा आवाज वेगवेगळा आला, मध्ये श्वासाएवढी जागा. भाऊजींचं तोंड ज्या बाजूने अजून हसू शकतं, त्या बाजूने हसलं. डाव्या हाताने मांडीवर त्यांनी तीच लय धरली. पाच-सहा वेळा मी वाजवलं, त्यांनी ठेका दिला. बाई सूप हातात घेऊन पाहत उभी राहिली.

"पेटी," ते तिला म्हणाले.

पावसाळ्यापासून फडक्यात बांधलेली पेटी तिने बाहेर आणून खाटेपुढच्या स्टुलावर ठेवली. आधी उजवा हात सुरांवर असे आणि डावा भात्यावर. आता डावा सुरांवर आला, तर भात्याला हातच उरला नव्हता. बाई समोर मोढ्यावर बसली आणि भाता हलवू लागली. पहिल्यांदा जोरात, पेटी ओरडली.

"हळू. दूध नाई घुसळायचं," भाऊजी म्हणाले. इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत निघालं नव्हतं, असं बाई नंतर म्हणाली. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "तीस वर्षात कवा शिकवलं होतं का मले?"

डाव्या हाताची बोटं चुकत होती. सूर लागत होता, सुटत होता. मी न राहवून विचारलं, "भाऊजी, व्हिडिओ घेऊ? आवाजासकट?"

त्यांनी विचार केला. "फोटो," म्हणाले. मग पेटीवर बोट ठेवून, "हे नाई. अजून कच्चं."

मी व्हिडिओचा कॅमेरा बॅगेत ठेवून चेन लावली. दुसरा डोळ्याला लावला. भाऊजींनी बाईकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे, झुकलेलं तोंड जसं आहे तसं घेऊन. "आता," म्हणाले. खट्ट झालं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा सूर शोधू लागले. सकाळच्या फोटोइतका तो देखणा नाही. ऊन उतरलं होतं, बाईचा भात्यावरचा हात हललेला आला आहे. मी एकच काढला.

चौथ्या दिवशी वडसा, नागभीडमार्गे परतलो. जाताना धरलेल्या रस्त्यापेक्षा हा वेगळा, आणि वडशात जेवायची सोय चांगली आहे.

आता तुमच्यापैकी जे कॅमेऱ्यासाठी हे वाचत आहेत त्यांना सरळ सांगतो. काम मुख्यतः व्हिडिओचं असेल तर पहिला घ्या, मनात शंका ठेवू नका. वैरागडच्या उन्हात दुसरा पंचवीस मिनिटांत तापून बंद पडला, पहिला चालूच होता. फक्त मंडपातल्या काही एलईडी दिव्यांखाली पहिल्याच्या फोटोंत पट्टे येऊ शकतात, ते आधी तपासा. आणि हेही सांगायला हवं की दुसऱ्या कॅमेऱ्याचा आवाजसुद्धा बंद करता येतो. विहारात मी तो बंद करतोच. त्यामुळे त्या सकाळी जे झालं त्याचा दोष यंत्राचा नव्हता.

मी दुसरा घेतला. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, निम्मी कामं सोडून देताय." म्हणाली ते खरं आहे. लांबलचक व्हिडिओच्या लग्नांना मी आता दुसऱ्या फोटोग्राफरचं नाव सुचवतो. मलाही कधी कधी रुखरुख लागते, विशेषतः त्या सुटत्या-लागत्या सुरांची. ते माझ्या कानात आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत.

फोटो मोठा करून, चौकट घालून बसने पाठवला. चार दिवसांनी बाईचा फोन आला.

"लावला. मिशीवाला काहाडला नाई, बाजूलेच हा लावला."

"लोक काय म्हणतात?"

"पेटी कोन वाजवून राह्यलं, तू का मास्तर, असं इचारतेत." ती हसली. मागे कुठेतरी पेटीचा एक सूर लागला आणि लांबत गेला. "ठेवते आता," बाई म्हणाली. "हे भात्यासाठी हाका मारून राह्यले."