वकिलाच्या पिशवीतला सदरा

काळा डगला चढवला की कावळासुद्धा वकील दिसतो, हे मी ठाण्याच्या कोर्टात पाहिलं. नव्या शहरासाठी जमिनी जात होत्या तेव्हाची गोष्ट. आम्ही शिरवणे गावचे. आमचं भात कापणीला आलेलं आणि मोजणीवाला खुंट्या ठोकायला उभ्या पिकात शिरला. माझ्या धाकट्या दिरानं त्याला ढकललं. झालं! सरकारी माणसावर हात टाकला म्हणून खटला. दिराची बायको पोटुशी. बाळंतपणाला नवरा जेलात असणार म्हणून ती चुलीपुढे बसून रडायची.

वकील केला. काय झालं, कसं झालं, एका शब्दानं विचारलं नाही त्या बाबानं. म्हणाला, "गुन्हा कबूल करून टाक. पुढे गरिबी मी दाखवतो."

गरिबी म्हणजे काय, गारुड्याचा खेळ आहे दाखवायला?

तारखेला सासूबाई लग्नाला निघाव्यात तशा निघाल्या, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं सोनं. "सरकारच्या दारी मानसासारखं जावं," म्हणाल्या. दिराचा सदरा कडक इस्त्रीचा. वकिलानं कपाळ बडवलं. "अहो, वरात आणलीत काय?" आणि पिशवीतून एक फाटका सदरा काढला. कॉलर विरलेली, काखेत भोक, आणि घामाचा वास असा की नाकाला पदर लावावा. खास आरोपींसाठी ठेवलेला! आजवर किती जणांनी घातला असेल, देव जाणे. दिराला झाडाआड नेऊन तो घालायला लावला. इस्त्रीचा सदरा माझ्या हातात.

आत दिरानं गुन्हा कबूल केला. मग मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" गुन्हा शाबीत झाला तरी शिक्षेआधी माणसाचं ऐकायचं, असं कायद्यातच आहे. पहिलाच गुन्हा का, वय काय, कशापायी केला, सगळं बघायचं असतं. मी हे पुढे पेपर वाचून शिकले. तेव्हा वाटलं, आता तरी हा भातपिकाचं बोलेल. कसलं काय! हात नाचवत म्हणतो, "हुजूर, अठराविश्वे दारिद्र्य! म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली..."

"कोन खिळलंय?" मागून सासूबाई उठल्या. "मी हाय ना हितं उभी! आन तो सदरा माज्या पोराचा नाय!"

शिपाई धावला. मला वाटलं, आता नक्की जेल. मॅजिस्ट्रेटनं सदरा पाहिला, मग वकिलाला पाहिलं. "तुम्ही बसा," त्याला म्हणाले, आणि दिराला, "तू सांग रे."

"कापनी झाल्यावर खुंट्या ठोका म्हनलं, साहेब. ऐकलं नाय त्यांनी. म्हनून ढकललं. चिखलात पडले तवा मीच हात देऊन उठवला."

मोजणीवाला तिथेच होता. त्याला विचारलं तर मान हलवून हो म्हणाला.

पहिलाच गुन्हा, खरं बोलला, म्हणून जेल न देता, चांगलं वागायची हमी लिहून घेऊन सोडला.

बाहेर येताच वकील छाती काढून म्हणतो, "बघा, सोडवला की नाही!"

"तुमी?" सासूबाई म्हणाल्या. "तुमी मला जित्तेपनी खाटेवर टाकली, मेल्या!"

दिरानं तिथेच सदरा काढून त्याच्या अंगावर फेकला. त्याला लाज? छे. पायरीवर दुसरा एकजण वाट बघत बसला होता. वकिलानं सदरा झटकला आणि त्याच्या हातात दिला.