इंगळे मॅडमची उतरंड

इंगळे मॅडमच्या टेबलाशी कोणीही गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कोठून आला?" चहावाला म्हणाला, कॅन्टीनमधून, तर लगेच पुढचा, "त्याच्या पयले?"

अमरावतीत आमची छोटी कंपनी. जिनिंगसाठी कापसाची ओल मोजणारी यंत्रं आम्ही बनवायचो. कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं काम मॅडमकडे. त्या अकोल्याहून अपडाऊन करायच्या. मी भातकुलीचा, घरातला पहिला पदवीधर. हे मी तेव्हाही न विचारता सांगायचो, आताही सांगतो.

यंत्र कोसळलं, म्हणजे चालता चालता बंद पडलं, की पडद्यावर फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्यांची, उतरंड येते. सगळ्यात वर कोसळलेलं, त्याखाली त्याला बोलावणारं, त्याखाली त्यालाही बोलावणारं. बाकीचे वरची ओळ वाचून मोकळे होत. मॅडम खालून वाचायच्या. "मेला कोठी ते सारं गाव सांगते. मले आला कोठून ते पायजे."

ऐन हंगामाच्या तोंडावर धामणगावला बसवलेलं यंत्र सारखं कोसळायला लागलं. आम्ही ते ऑफिसात उचलून आणलं. वरच्या ओळीत दर वेळी माझंच फंक्शन. मालकांनी सगळ्यांसमोर बजावलं, शनिवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर सोमवारी येऊ नकोस. इकडे बाबांनी माझ्या नोकरीचे पेढे गावभर वाटलेले. मी माझा कोड उलटापालटा करून थकलो. चूक सापडेना. शेवटी राजीनामा लिहायला बसलो.

मॅडमनी खुर्ची ओढली. म्हणाल्या, उतरंडीत बोलावणारे दिसतात, घरात आधी कोण येऊन गेलं ते दिसत नाही. त्यांनी प्रत्येक फंक्शनची ये-जा टिपणारं ट्रेसिंग सुरू केलं, आणि यंत्र एकदम सुतासारखं चालायला लागलं. टिपण्याच्या ओझ्याने त्याची चाल मंदावली होती, त्यामुळे घोटाळ्याची वेळच जुळेना. "पाहुणे आले का पोट्टं शायनं होते," मॅडम हसल्या. मग मोजक्याच फंक्शनांवर पाळत ठेवली. दुपारी यंत्र कोसळलं आणि आम्हा दोघांना कोण आनंद झाला.

माझं फंक्शन मेमरी वाचायला जाण्याच्या जरा आधी वीज वाचवणारं एक फंक्शन येऊन तीच मेमरी मोकळी करून गेलं होतं. ते मॅडमचं होतं. त्या उठल्या. मग मालकांच्या केबिनचं दार उघडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सर, पोट्ट्याचं काही चुकलं नाही. हे माह्या हातचं हाये."

त्या दिवशीचे आलूबोंडे त्यांच्याकडून. खाता खाता दटावणंही मलाच, "आन् तू काहून राजीनामा लिहून राह्यला होता रे? वरची ओळ वाचून?"

पुढे अकोल्याच्या कॉलेजात शिकवायला म्हणून मॅडमनी कंपनी सोडली. निरोपाच्या दिवशी बाबा तुरीच्या शेंगा घेऊन आले. मॅडमनी त्यांनाही सोडलं नाही.

"कोठून आले भाऊ?"

"भातकुलीहून."

"त्याच्या पयले?"

बाबांनी सांगितलं, त्यांचा आजा नांदगाव खंडेश्वरहून मजुरीच्या मागं आला, त्याचा बाप कुठला ते आता कोणाला ठाऊक नाही. मॅडमनी एकेक पिढी खालून वर बोटाने रचली आणि शेवटी बोट माझ्यावर आणलं.

"वरच्या ओळीत तुमचं पोट्टं हाये, भाऊ. आन् उभं हाये."