दुपारी एकची रेघ

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्याच घरचं दूध नासावं, यासारखी नामुष्की नाही. बायकोने फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावली होती : "दूध परत नासलं. जगाचे फ्रिज करून झाले असतील तर आपल्याकडेही एक चक्कर टाका. पत्ता आठवतोय ना?"

नवराबायकोचं बोलणं हल्ली असं दारावरच व्हायचं. ती नर्स. उन्हाळा लागल्यापासून तिला रात्रपाळी होती. सकाळी ती जिना चढत असायची आणि हा हत्यारांची पिशवी घेऊन उतरत असायचा. "खाल्लंस काही?" "आधी झोपते." झाला संसार.

मधे होती टिल्ली. नऊ वर्षांची, शाळेला सुट्टी. घरात नियम एकच : आईची झोप मोडायची नाही.

म्हणून तो पहाटे साडेपाचलाच दुपारच्या जेवणाला लागायचा. उकडलेले बटाटे, काकडी आणि दही. अंड्याचं सँडविच. रात्री भिजवलेले छोले उकडून त्यात टोमॅटो आणि लिंबू. कधी गार पास्ता. गरम करायचं काही नाही, म्हणजे टिल्लीने गॅसजवळ जायलाच नको. डबेसुद्धा प्लास्टिकचे, कारण स्टीलचं झाकण पडलं की तीन मजल्यांना कळतं. चमचा लाकडाचा. या व्यवस्थेचा त्याला फार अभिमान होता. वर्कशॉपमधल्या दोघातिघांनी त्याच्याकडून आठवड्याची यादी लिहून घेतली होती, त्यांच्याही घरी सुट्टीतली पोरं होतीच.

मेहुणी फोन करायची. "भाऊजी, पाठवा की तिला माझ्याकडे. माझी दोघं घर डोक्यावर घेतात, तिसरी आली तर मला काय फरक पडतोय?"

"छे गं, मजेत आहे ती. डबा रोज चाटूनपुसून रिकामा."

खरी गोष्ट वेगळी होती. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा बायको निघायच्या घाईत असायची. ती गेली की रात्री झोपेपर्यंत टिल्लीची टकळी सुरू, आणि दिवसभरात त्याच्याशी कोणी मनापासून बोललं तर तेवढंच. दिवसभर माणसं त्याच्याशी बोलायची, पण ती फ्रिजबद्दल. टिल्ली गेली असती तर या माणसाच्या वाट्याला नुसत्या चिठ्ठ्या उरल्या असत्या.

असो. दूध. त्याच्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र होतं. दर मिनिटाला तापमान टिपून ठेवायचं. गिऱ्हाइकाच्या घरी बिघाड सापडत नसला की ते आत ठेवून यायचं. ते त्याने दुधाच्या पातेल्यामागे ठेवलं आणि चार दिवसांनी वर्कशॉपच्या कॉम्प्युटरला जोडलं.

वर्कशॉपमधले सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, मागून डोकावले. पडद्यावरची रेघ दिवसभर सरळ होती. दुपारी एकला मात्र तिचा डोंगर.

"एक पाच ते पावणेदोन, आणि रोज," मास्तर म्हणाले. "अरे, फ्रिज ठणठणीत आहे. दार उघडं राहतंय. कस्टमरला म्हणावं, दार लावायला शिका."

"सांगतो," तो म्हणाला. कस्टमर कोण, ते काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन कामांच्या मधे तो घरी आला. किल्ली हळूच फिरवली. स्वयंपाकघरात टिल्ली उघड्या फ्रिजसमोर मांडी घालून बसली होती. मांडीवर डबा, गुडघ्यांवर आतल्या दिव्याचा उजेड. त्याला पाहताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू! आई झोपलीये."

"उकडतंय का गं तुला?" तोही कुजबुजला.

"नाही." मग तिचा चेहरा उतरला. "दूध माझ्यामुळे नासलं ना?"

"ते राहू दे. इथे का बसलीस?"

"दार उघडं ठेवलं ना बाबा, की थोड्या वेळाने तो गुणगुणायला लागतो. मग मी जेवते." तिने चमचा डब्यात फिरवला. "तो थांबला की फारच शांत होतं."

तो का गुणगुणतो, हे त्याने शेकडो गिऱ्हाइकांना समजावलं होतं. बाहेरची उष्णता आत शिरते, मोटर चालू होते. त्या दिवशी मात्र तो नुसता तिच्याशेजारी फरशीवर बसला, तिने अर्धं सँडविच त्याच्यापुढे केलं. खिशात पुढचं गिऱ्हाईक थरथरत होतं. त्याने ते थरथरू दिलं.

संध्याकाळी त्याने मेहुणीला फोन लावला, आणि फ्रिजवर सगळं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली उत्तर होतं : "बरं केलंत. दूध आता अर्धा लिटरच घ्या."

रविवारी टिल्ली मावशीकडे गेली. यंत्र त्याने पुन्हा दुधामागे ठेवलं. दुरुस्तीनंतर आठवडाभर बघायचं, हा कामाचा शिरस्ता. त्या आठवड्यात घरी त्याने तोंड उघडलं ते जेवायला आणि दात घासायला.

पुढच्या सोमवारी पडद्यावर आठवडाभराची रेघ उमटली. सरळ, आणि एक वाजता डोंगर. मंगळवारी, बुधवारी, रोज. वीस-वीस मिनिटं.

"ऐकलं नाही वाटतं तुझ्या कस्टमरने," मास्तर म्हणाले.

त्याने घड्याळ पाहिलं. एक वाजून सात मिनिटं. तो बाहेर जिन्यात गेला आणि घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"झोपली नाहीस?" त्याने विचारलं.

"रोज एक वाजता फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज यायचा," बायको म्हणाली. "ती जेवायला बसली असं समजून मी कूस बदलायचे. आता तो येत नाही, म्हणून जाग येते."

तिच्यामागे मोटर सुरू झाल्याचं त्याला ऐकू आलं.

"काही खाल्लंस?"

"बघतेय काय आहे ते."

"दुसऱ्या कप्प्यात, डावीकडे. बटाटे आहेत."

झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ती सावकाश खात राहिली आणि तो ऐकत राहिला. घरात झोपलेलं कोणी नव्हतं, तरी दोघंही कुजबुजतच बोलत होते.