लेन्सचा नंबर जुळला होता

डिसेंबरातल्या एका शनिवारी एस्प्लनेडला, कॅमेरा रिपेअरच्या दुकानात उभ्या उभ्या मी एका बाईला चोर ठरवलं... ती तिथे नव्हतीसुद्धा.

हे लिहायला मला चार महिने लागले. वाचून बरं वाटेल असं यात काही नाही, आधीच सांगतो.

मी न्यू टाउनला आयटीत आहे, आणि जुने ट्विन-लेन्स कॅमेरे ओळखणं हा माझा छंद. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्सने फोटो घ्यायचा. पोटाशी धरून, मान खाली घालून. एके काळी इथल्या स्टुडिओंत आणि लग्नांत हेच दिसायचे.

पुढे स्पेअर पार्ट मिळेनासे झाले आणि कारागिरांनी याचं काढून त्याला लावून ते चालू ठेवले. म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो, समोरच्या नावाच्या पट्टीवर जाऊ नका. लेन्सचा नंबर वेगळा असतो, बॉडीचा वेगळा. दोन्ही बघा... असं मी सांगतो.

बापट काकांची ओळख याच छंदातून झाली. रेल्वेतून रिटायर होऊन गार्डन रीचलाच राहिलेले, वय ब्याऐंशी. काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. नाशिकच्या पुतणीने मला "अधूनमधून बघून येत जा" म्हणून सांगितलेलं.

त्यांच्याकडे एक जपानी ट्विन-लेन्स होता. काकूंचे सगळे फोटो त्यावरच काढलेले. गेल्या वर्षी मी त्याचं मॉडेल ओळखून दिलं आणि फोनवर समोरून त्याचा एक फोटो काढून ठेवला.

काकांना सांभाळायला शेफालीदी ही बंगाली आया होती, त्यांना दादू म्हणजे आजोबा म्हणायची. सहा वर्षं रोज बजबजहून यायची. काकांना विसर पडायला लागल्यावर ते कधीकधी तिला काकूंच्या नावाने हाक मारायचे... ती न चुकता 'ओ' द्यायची.

दिवाळीनंतर काका एकच विचारायला लागले. "माझा कॅमेरा कुठाय रे?" मी दोन्ही कपाटं बघितली. मिळाला नाही.

आणि मग तो शनिवार. दुकानाच्या काचेत तेच मॉडेल. खालच्या लेन्सभोवती कोरलेला नंबर मी फोनमधल्या फोटोशी ताडून पाहिला... शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला.

मी लेन्सवर बोट ठेवून विचारलं, ही कुठून आली? दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेला. मान वर न करता म्हणाला, "गार्डन रीच से एक आया लेके आयी थी."

बस्स. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. बॉडीचा नंबर मागे, वरच्या उघडणाऱ्या झाकणाच्या, हुडाच्या खाली असतो. तोही बघितला नाही.

रविवारी काकांच्या समोरच तिला विचारलं. ती गोंधळली, पण घाबरली नाही. बंगालीत म्हणाली, "लेन्सला बुरशी आली होती, दादा. दादूंनीच रिपेअरला पाठवला. मी परत आणून त्यांच्या हातात दिलाय. घरातच असेल."

"शेफालीदी, मी दुकानात पाहून आलोय. नंबर जुळलाय."

ती काकांकडे बघत राहिली, ते काहीतरी बोलतील म्हणून. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही चोर आहे का?"

तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ती गेली. संध्याकाळी मी पुतणीला फोन केला, आया पुरवणाऱ्या सेंटरला केला, इथल्या मराठी मंडळातल्या चार घरी केला... कुणी तिला ठेवू नये म्हणून.

सेंटरने दुसरी बाई पाठवली. तिसऱ्या आठवड्यात काका बाथरूममध्ये पडले. सकाळी ती बाई आली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

पुतणी घर आवरायला आली. काकूंच्या शालींच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, एका शालीत गुंडाळलेला कॅमेरा निघाला. कॅमेऱ्याच्या तळाला काकांनी कोरलेली काकूंच्या नावाची अक्षरं, म्हणजे बॉडी तीच. लेन्स स्वच्छ... आणि तिच्यावर वेगळाच नंबर.

मी दुकानात गेलो. दुकानदाराला सगळं आठवत होतं. बाईने लेन्स बदलून घेतली आणि कॅमेरा परत नेला. जुनी लेन्स त्याने साफ करून दुसऱ्या बॉडीत बसवली होती. "आपने लेन्स का पूछा था," तो म्हणाला. खरं होतं ते.

गेल्या मंगळवारी शेफालीदीचं घर शोधत बजबजला गेलो. सेंटरने यादीतून नाव काढल्यापासून तिला काम नाही. घरी साड्यांना फॉल लावते. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादू कसे आहेत?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं.

मी सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. मग विचारलं, "जवळ कोण होतं?"

"कोणी नाही."

"संध्याकाळी निघताना मी बाथरूमचा दिवा चालू ठेवून जायचे. अंधारात त्यांना दार सापडायचं नाही. नव्या बाईला कुणी सांगितलं होतं?"

मला हे माहीतच नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं... विचारलं नाही.

"आता जा, दादा," एवढंच म्हणाली. आवाजही चढला नाही तिचा.

सेंटरला मी लेखी कळवलंय, नाव परत घातलंय म्हणतात. त्यांच्याकडून तिला फोन गेले, तिने उचलले नाहीत.

ही पोस्ट ती वाचणार नाही, तिला मराठी येत नाही. पण ज्यांना मी तेव्हा फोन करून "आया चोर निघाली" म्हणून सांगितलं, मंडळातले ते सगळे या ग्रुपवर आहेत. तुमच्यासाठी लिहितोय. शेफालीदीने काहीही चोरलं नव्हतं. सहा वर्षं तिने काकांना जपलं, आणि तिला मी घालवलं.