पडद्यावरचं शून्य

लताबाई रामटेके नवऱ्याच्या मागे एकदाही रडल्या नाहीत, हा विषय आमच्या रेल्वेच्या डेपोत चार वर्षं चघळला गेला. चघळणाऱ्यांत मीही होतो. मी इथला हेडक्लार्क. चघळायला माझ्याकडे वेळ भरपूर.

सुखदेव रामटेके आमच्याकडेच लाइनमन होता. जयपूरजवळच्या चौमूच्या बाजारात कांदे निवडता निवडता छातीत कळ आली आणि गेला. बेचाळीस वर्षांचा गडी. पुढे लताबाई अनुकंपा तत्त्वावर हेल्पर म्हणून लागल्या. भंडाऱ्याकडची बाई, हिंदी जेमतेम. सकाळी "जयभीम साहेब" म्हणून सही करायची आणि कामाला लागायचं. त्यांचं काम रॉडचं. रुळांवरच्या विजेच्या तारेला हात लावायचा तर आधी वीज बंद केल्याचा कंट्रोल रूमचा निरोप यावा लागतो. मग दोन्ही बाजूंना लांब रॉड लावून तार रुळाशी जोडायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाईल. तोवर शिडीवर पाय ठेवायचा नाही. लताबाई हे सगळं मुकाट्याने, अगदी नेमाने करायच्या. गँगमधली माणसं थट्टा करायची, "लताजी को तो करंट भी नहीं लगेगा." त्यावर त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत.

एकदा त्यांची सुरुची माझ्याकडे पासच्या कामाला आली. अकरावीतली पोर, जयपुरात वाढलेली. कागद देऊनही उभीच राहिली. म्हणाली, "काका, माझे नाइंटी थ्री परसेंट आले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, भाजी कोणती करू? मतलब, तिला काहीच वाटत नाही. बाबांचं पण नाही, माझं पण नाही. ती ठीक होणार ना?" मी म्हणालो, वेळ हेच औषध. लोकांना सांगायला माझं काय जातंय!

गेल्या फेब्रुवारीत जयपुरातल्या सी-स्कीम भागातल्या एका कंपनीचा निलय नावाचा इंजिनिअर नवं यंत्र घेऊन आला. इथलाच मराठी मुलगा, हुशार आणि बोलघेवडा. केसाइतकी बारीक काचेची तार, ऑप्टिकल फायबर, तिचं वेटोळं विजेच्या तारेभोवती बसवायचं. वीज वाहू लागली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि त्या क्षेत्रामुळे काचेतल्या प्रकाशाला किंचित पीळ बसतो. तो किती बसला, त्यावरून खाली पडद्यावर विजेचा आकडा उमटतो. काचेतून वीज येत नाही, म्हणून खाली उभं राहून निर्धास्त बघता येतं. मला हे फार आवडलं. दोन दिवस मी कँटीनमध्ये हेच सगळ्यांना समजावत होतो, जणू ते यंत्र मीच शोधलं.

चाचणीच्या दिवशी मी कागदपत्रं घेऊन सायडिंगच्या रुळांपाशी गेलो. आदल्या दिवशी रीतसर वीज बंद करून बसवलेलं वेटोळं जरा सैल झालं होतं. सुपरवायझर कंट्रोलशी बोलायला केबिनमध्ये गेले. अर्धा तास झाला, निरोप येईना. ऊन चढलं. निलय पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, हे बघा, झीरो. मतलब तारेत काहीच नाही. पट्टी टाइट करायची, दोन मिनिटांचं काम."

रामफूल शिडीपाशी उभा होता. वीस वर्षं शिड्या चढलेला माणूस. पण समोर पडद्यावर शून्य आणि शेजारी दोन शिकलेली माणसं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोण सांगणारा? तरी म्हणालो, "चढ़ जाओ, मशीन झूठ थोड़े ही बोलेगी." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तो तीन पायऱ्या चढला. लताबाईंनी हातातला रॉड खाली ठेवला, चालत गेल्या आणि मागून त्याचा पट्टा धरला.

"उतरा. निरोप नाही आला."

"आंटी, झीरो आहे ना!" निलय म्हणाला.

"गाडी नाही ना, म्हणून झीरो. तार जितीच हाय."

हे निलयला ठाऊक नव्हतं असं नाही. गाडीने ओढल्याशिवाय वीज वाहत नाही, आणि वाहिली नाही तर चुंबकीय क्षेत्र कुठलं? पण विजेचा दाब तारेत असतोच, हात लावायचा अवकाश. मुलगा यंत्रावर भाळला होता आणि मी त्याच्यापेक्षा जास्त.

रामफूल तिसऱ्याच पायरीवर होता, तेवढ्यात पुढच्या स्टेशनात थांबलेली मालगाडी सुटली. पडद्यावरचं शून्य हललं. अडतीस. एकशे दहा. एकशे नव्वद. रामफूल कसाबसा उतरला आणि खडीवर बसला. लताबाईंनी रॉड उचलला आणि निरोपाची वाट बघत पुन्हा जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला, बाईंचं नाव सुरक्षा पुरस्काराला पाठवा. मी मन लावून मसुदा केला. 'प्रसंगावधान राखून, अतुलनीय धैर्याने' वगैरे. रामफूलला चढायला कोणी सांगितलं, ते मात्र शिताफीने गाळलं. लताबाईंनी सावकाश वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे धैर्य काढा जी."

"का?"

"ज्याले भेव लागते त्याले धैर्य लागते. मले नाही लागलं. रामफूल जळला असता तरी मले काही वाटलं नसतं. नेम हाय म्हणून धरलं."

भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं. क्षणभर मला त्यांची भीती वाटली, मग फार वाईट वाटलं. मी तो शब्द खोडला. गाळलेल्या जागी माझं नाव घातलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घरी सांगितलंत?"

"सुरुचीले सांगितलं. ते रडाले लागली. मी पाहात बसली. मंग तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवा लागते म्हणून." स्वतःच्या तळहाताकडे बघत म्हणाल्या, "मंग काढावा वाटला नाही जी. पोळ्या कराच्या राहिल्या काल."